दोन ओळींमधलं अंतर

सिंगापूरच्या मराठी मंडळींसाठी शेतीवर लेख म्हटल्यावर वाचकांच्या भुवया वर जाणार, याची आम्हाला कल्पना आहे. इथे कुंडीत तुळस आणि खिडकीत कढीपत्ता जगवला तरी आपण स्वतःला बागायतदार समजतो. पण आमच्याकडे खरोखरच जमीन आहे. अडीच मीटर लांब आणि एक मीटर रुंद! मालकीची अर्थातच नाही. इथल्या नॅशनल पार्क्स बोर्डाची अलॉटमेंट गार्डन नावाची योजना आहे. पार्कात विटांच्या उंचीवर बांधलेले वाफे असतात, ते सोडत काढून तीन वर्षांच्या कराराने देतात. आमच्या ब्लॉकमधल्या तीन मराठी बिऱ्हाडांपैकी एकाचं नाव सोडतीत निघालं आणि तिन्ही घरांना शेतकरी झाल्याचा आनंद झाला. या लेखातले 'आम्ही' म्हणजे ही तीन घरं, सहा मोठी माणसं, चार मुलं आणि दिवाळीनंतर साताऱ्याकडून आलेले आमच्यातल्या एकीचे सासरे, म्हणजे सगळ्यांचेच अण्णा.

आजूबाजूच्या वाफ्यांत पालेभाज्या, मिरच्या, पांदान, वांगी असं सगळं होतं. आमच्या मनात मात्र कडधान्य होतं. उसळ घरची करायची तर दाणाही घरचा हवा, असं कुणीतरी जेवताना बोललं आणि ते डोक्यात बसलं. लगेच कागद-पेन्सिल निघाली. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. कोरडवाहू कडधान्य हेक्टरी दहा क्विंटल आलं तर आपल्याकडे शेतकरी समाधानी असतो. म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम आणि आमच्या अख्ख्या वाफ्याला अडीचशे ग्रॅम. जवळजवळ तीन महिने पाणी घालायचं, तण काढायचं, मावा पुसायचा आणि हाती येणार पाव किलो! लिटल इंडियात एका फेरीत माणूस यापेक्षा जास्त सांडून येतो. पण अण्णांनी तो कागद बघितला आणि म्हणाले, "पाव किलो म्हणजे एक उसळ होते की. दहा माणसांची होते. मी फेब्रुवारीत जायच्या आत होते का, तेवढं सांगा."

झालं, मुदत ठरली. नोव्हेंबरच्या शेवटी पेरणी आणि अण्णांचं विमान फेब्रुवारीच्या मध्याला.

आता पेरायचं काय? अण्णांचं गाव कोरेगाव तालुक्यातलं, तेव्हा त्यांच्या मनात वाघ्या घेवडा असणार हे उघड होतं. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: फिक्या दाण्यावर वाघासारखे तांबडे पट्टे असलेला हा घेवडा, राजम्याचाच भाऊबंद. कोरेगावच्या डोंगरउताराच्या जमिनीत तो खरिपात पावसावर येतो आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण घेवड्याला थंडावा लागतो. रात्री गरम राहिल्या की त्याची बरीचशी फुलं शेंग न धरताच गळतात. आणि सिंगापूरची रात्र तर चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते. तेव्हा घेवडा बाद. वालाचं नाव कोकणातल्या घरातून आलं, पण आम्हाला मिळत होता तो वेलाचा वाल, सवडीने वाढणारा आणि मांडवावर चढणारा. राहिली चवळी. उकाडा सोसणारी, सत्तर-पंचाहत्तर दिवसांत दाण्यावर येणारी, स्वतःपुरता नत्र मुळांवरच्या गाठींत तयार करणारी गरीब चवळी. शिवाय इथे बाजारात मिळणारी ती हातभर लांब लाँग बीन्सची शेंग हीसुद्धा चवळीचीच जात आहे. म्हणजे हवा पटणार याची खात्री होती.

बी दुकानातलंच. त्याची उगवण तपासायला आम्हाला काही वेगळं शिकावं लागलं नाही. मराठी घरात कडधान्याला मोड आणणं म्हणजे दर आठवड्याला उगवणशक्तीची चाचणीच असते. भिजवून फडक्यात बांधलेल्या शंभर दाण्यांपैकी नव्वदांना मोड आले तर बी उत्तम.

खरा वाद त्यानंतर सुरू झाला. बी किती अंतरावर टोकायचं?

अण्णा म्हणाले, "दोन ओळींत हातभर, दोन रोपांत वीतभर." म्हणजे सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर आणि बावीस सेंटिमीटर. या हिशोबाने चौरस मीटरला दहा रोपं बसतात. आमच्यातल्या एकाने कृषी खात्याच्या शिफारशी वाचून काढल्या होत्या. झुडपी घेवड्यासाठी, राजम्यासाठी आपल्याकडे साधारण तीस बाय दहा सेंटिमीटर सांगतात, म्हणजे चौरस मीटरला तेहेतीस आणि हेक्टरी सव्वातीन लाखांच्या वर रोपं. एकाच जागेत दहा की तेहेतीस? हा काही थोडाथोडका फरक नव्हे. त्यात आमच्या मुलांचं म्हणणं असं की जितकी जास्त रोपं तितकी जास्त शेंग, मग पन्नास का नकोत? शेजारच्या वाफ्यावरचे चिनी अंकल बांबूला लाँग बीन्सचे वेल बांधता बांधता हे सगळं ऐकत होते. त्यांनी मुलांच्या मताचा निकाल एका वाक्यात लावला, "टू नियर लाह, नो एअर!"

अण्णांचं 'हातभर' हे नुसतं म्हाताऱ्या माणसाचं हट्टीपण नव्हतं, त्यामागे मोठा इतिहास आहे. मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू केलं. पुढे १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र निघालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जी पद्धत बसवली ती 'मुंबई कोरडवाहू पद्धत' म्हणून ओळखली जाते. बांधबंदिस्ती करा, शेणखत घाला, कोळपण्या द्या, बी कमी वापरा आणि ओळी लांब ठेवा. कामाचा मुख्य भर ज्वारीवर, पण विचार सगळ्याच कोरडवाहू पिकांना लागू होता. जमिनीत ओल मोजकी आहे. दाट पेरलं तर रोपं सुरुवातीलाच ती ओल पिऊन टाकतात, वरवर रान हिरवंगार दिसतं आणि ऐन दाणा भरायच्या वेळी सगळीच तहानेने माना टाकतात. विरळ पेरलं की प्रत्येकाच्या वाट्याला शेवटपर्यंत घोटभर पाणी उरतं. दुष्काळी पट्ट्यात हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या हाडात मुरलेलं आहे.

आणि दुसरं कारण अवजाराचं. पाभरीच्या दोन फणांत जेवढं अंतर, तेवढंच दोन ओळींत पडणार. मागाहून त्या ओळींतून बैलांमागे कोळपं गेलं पाहिजे. अण्णांनी वाफ्याकडे पाहून पहिला प्रश्न हाच विचारला होता, "अरे, पण एवढ्या जवळ ओळी घेतल्या तर कोळपं कुठून जाणार?" "अण्णा, कोळपं नाही इथे. खुरपंसुद्धा या पोरांच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातलं आहे!" यावर ते मोठ्याने हसले, पण अंतराबाबत तसूभरही हलले नाहीत. गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच झालं आहे. मिशिगन आणि नॉर्थ डकोटाकडे सुक्या घेवड्याची मोठी शेती आहे. तिथे कित्येक वर्षं ओळीत अडीच फुटांचं अंतर असे. तण काढायची यंत्रं आणि झाडं मुळाशी कापणारी पाती त्यातून फिरायला हवीत म्हणून. पुढे ताठ उभ्या वाढणाऱ्या जाती आल्या, तणनाशकं आली आणि ओळी जवळ सरकू लागल्या. म्हणजे दोन ओळींतलं अंतर पिकाइतकंच माणसाच्या सोयीनेही ठरत असतं.

शेवटी तोडगा निघाला तो असा, की वाफ्याचे तीन भाग करायचे. पहिला अण्णांचा: हातभर आणि वीतभर, दोन ओळींत दहा रोपं. मधला पुस्तकाचा: तीस बाय दहा, तीन ओळींत तीस रोपं. तिसरा मुलांचा: पाच ओळींत पन्नास. प्रत्येक खळगीत दोन दोन दाणे टोकले. आठवड्याभरात रोपं वर आली, मग विरळणी केली आणि जिथे उगवलं नव्हतं तिथे नांग्या भरल्या. हे 'नांग्या भरणं' आमच्या मुलांना इतकं आवडलं की मागच्या पंगतीत रिकाम्या खुर्चीवर कुणी जाऊन बसलं की ती म्हणू लागली, "नांगी भरली!"

डिसेंबर पावसाचा. सिंगापूरला वर्षाला एकवीसशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि डिसेंबर हा त्यातला सगळ्यात ओला महिना. दुपारी आभाळ फाटायचं आणि अण्णा बाल्कनीत उभे राहून अस्वस्थ व्हायचे. "एवढं पाणी! आमच्याकडे निम्मं पडलं तरी गाव पेढे वाटेल." तेव्हाच आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं की वादाचा पायाच इथे वेगळा आहे. साताऱ्याच्या पूर्व पट्ट्यात टंचाई पाण्याची, म्हणून रोपांना पाण्यासाठी अंतर द्यायचं. इथे पाण्याची टंचाई नाही. इथे टंचाई आहे उन्हाची आणि वाऱ्याची. आमच्या वाफ्यावर तीननंतर पलीकडच्या रेन ट्रीची सावली यायची. पानं सकाळी दहापर्यंत ओलीच. तेव्हा मोजायचं ते एवढंच की जमिनीवर पडणारं ऊन पानांनी लवकरात लवकर पूर्ण झाकलं जाईल, आणि तरीही मधून वारा फिरेल, असं अंतर कोणतं?

जानेवारीत हे डोळ्यांना दिसू लागलं. पन्नास रोपांच्या भागात माती कधीच दिसेनाशी झाली होती. मधल्या भागात फुलं लागायच्या सुमारास पानं एकमेकांना भिडली. अण्णांच्या भागात मात्र मधे चांगली पट्टीभर माती उघडी होती. त्या मातीवर पडणारं ऊन कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं, आणि तण सगळ्यात जास्त तिथेच माजलं. पण रोपं बघावीत तर तीच! फांद्यांवर फांद्या फुटलेल्या, ऐसपैस, गुटगुटीत. पन्नासांमधली रोपं सगळी काटकुळी, मान उंच करून एकमेकांच्या वर डोकावणारी, जणू सकाळच्या एमआरटीतले प्रवासी.

या विषयावर जगात पुष्कळ काम झालं आहे. जपानात ओसाकाला तात्सुओ किरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ च्या सुमारास दाखवून दिलं की एका मर्यादेपुढे रोपांची संख्या कितीही वाढवा, त्या जागेतल्या सगळ्या रोपांचं मिळून वजन जवळजवळ तेवढंच राहतं. ऊन तेवढंच, माती तेवढीच, वाटेकरी वाढले की वाटा लहान होतो, इतकंच. हे झालं पानं, खोड, सगळं धरून. दाण्याचं याहून नाजूक. दाण्याचं उत्पन्न आधी वाढतं, मग एका पठारावर थांबतं आणि त्याहून दाटी केली की उतरायला लागतं, कारण काही रोपं नुसती जगतात, शेंग धरत नाहीत. शेंगवर्गातली पिकं हे कसं निभावतात तेही पाहण्यासारखं आहे. दाटी झाली की रोप सर्वांत आधी शेंगांची संख्या कमी करतं. शेंगेतले दाणे त्यामानाने थोडेच घटतात. आणि दाण्याचं वजन सगळ्यात कमी बदलतं. गरिबीतल्या आईने मुलं कमी होऊ द्यावीत, पण जन्मलेल्याला पोटभर घालावं, तसं काहीसं.

ऑस्ट्रेलियाचे कॉलिन डोनाल्ड यांनी १९६८ मध्ये आणखी एक विचार मांडला, तो आम्हाला फार आवडला. चांगलं पीक देणारं रोप हे एकट्यादुकट्याने बलदंड असण्यापेक्षा शेजाऱ्याशी कमीत कमी भांडणारं असावं, असं त्यांचं म्हणणं. रानात एकटं वाढताना जे झाड पैलवान दिसतं, ते शेतात ओळीने लावल्यावर शेजाऱ्यांचं ऊन खातं आणि शेताचं एकूण उत्पन्न पाडतं. एचडीबीच्या बाराव्या मजल्यावर, पातळ भिंतींच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको!

आता अंकलच्या बाजूने एक सांगायला हवं. त्यांचे वेल दीड-दोन फुटांवर होते आणि त्यांचं बरोबरच होतं. ते शेंग हिरवी तोडतात. हिरवी शेंग तोडत राहिलं की रोपाला वाटतं अजून बी झालेलं नाही, आणि ते पुन्हा पुन्हा फुलतं. त्यामुळे प्रत्येक वेल मोठा, दमदार आणि दोन महिने देत राहणारा असावा लागतो. सुक्या दाण्याचं गणित उलटं. दाणा भरू लागला की रोप हळूहळू नवी फुलं थांबवतं आणि आवरतं घेतं. आपल्याला हवं असतं ते सगळ्यांनी एकदम पिकणं. दाटीत फांद्या फुटत नाहीत, शेंगा मुख्य खोडावरच धरतात आणि जवळपास एकाच सुमारास वाळतात. विरळ रोपाला फांद्या बऱ्याच असतात. खालच्या फांदीवर वाळकी शेंग, मधे हिरवी, शेंड्याला फूल! महाराष्ट्रात दिवाळीनंतर आभाळ निरभ्र असतं, तेव्हा दोन-तीन तोडण्या केल्या म्हणून काही बिघडत नाही. इथे जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचे काही कोरडे आठवडे सोडले तर शेंग झाडावर वाळेल याची शाश्वती नसते. एका सरीत वाळली शेंग मऊ पडते आणि आत दाण्याला मोड येतात. फुकटची मोडाची उसळ म्हणावी, तर त्याला बुरशीचा वास!

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मधल्या भागातल्या शेंगा पिवळ्या पडून खुळखुळू लागल्या. रोपाला चार-पाच शेंगा, पण एकूण तीसही रोपांच्या मिळून सगळ्यात जास्त. मुलांच्या भागात पंधराएक रोपांना शेंगच नव्हती, बाकीच्यांना दोन-तीन. खालच्या पानांवर पांढरी बुरशी आली होती आणि मावाही तिथेच जास्त होता, कारण आत हात घालून पानं पुसताच येत नव्हती. बऱ्याच शेंगा जमिनीला टेकून काळ्या पडल्या. अण्णांच्या दहा रोपांवर दहा-अकरा शेंगा प्रत्येकी, कौतुक करावं अशा. पण वाळलेली त्यातली एखाद-दुसरीच.

इथे एक कबूल केलं पाहिजे की याला प्रयोग म्हणणं जरा धाडसाचंच. कृषी विद्यापीठातले लोक प्रयोगाच्या तुकड्याच्या कडेच्या ओळी मोजतच नाहीत, कारण कडेच्या रोपाला एका बाजूने मोकळं ऊन मिळतं आणि ते फसवं असतं. आमचा सगळा वाफा म्हणजे कडाच कडा. शिवाय रेन ट्रीची सावली तिन्ही भागांवर सारखी नव्हती. पण आम्हाला प्रबंध लिहायचा नव्हता.

अण्णांचं विमान रविवारी रात्रीचं. शनिवारी मधल्या भागातली आणि मुलांच्या भागातली जेवढी वाळली तेवढी शेंग तोडून, डायनिंग टेबलवर चोळून, पंख्याच्या वाऱ्यावर उफणून दाणे काढले. अण्णा उफणायला उभे राहिले तेव्हा सोफ्याखालून अजून सालपटं निघतील याची कुणाला पर्वा नव्हती. रात्री भिजत घातले, दुसऱ्या दिवशी दुपारी कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची उसळ झाली. दहा नव्हे, अकरा माणसं जेवलो. अंकलना खाली जाऊन बोलावलं होतं. प्रत्येकाच्या ताटात दोन डाव आले असतील नसतील. अण्णा एकच म्हणाले, "माझ्या ओळीतली यात नाही ना?" नव्हती. त्यांच्या शेंगा अजून हिरव्या होत्या.

त्या वाळल्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात, अण्णा कोरेगावला पोचून पंधरा-वीस दिवस झाल्यावर. तीन हप्त्यांत तोडाव्या लागल्या. तिन्ही भागांची बेरीज केली तर पाव किलोच्या जरा वरच भरली, म्हणजे कागद-पेन्सिलीचं गणित फार काही चुकलं नव्हतं. फोनवर आम्ही अण्णांना सगळा हिशोब वाचून दाखवला. मधला भाग पहिला, तुमचा दुसरा, मुलांचा तिसरा. ते म्हणाले, "दाणा बघा माझा, दाणा!" आम्ही दोन्ही भागांतले शंभर शंभर दाणे मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. फरक एका ग्रॅमचाही दिसेना. हे त्यांना सांगायचं की नाही यावर आमच्यात मतभेद झाले. शेवटी सुनेने सांगितलं, "अण्णा, तुमचा दाणा छान टपोरा आहे. बियाला तोच ठेवलाय." त्यातलं दुसरं वाक्य पूर्णपणे खरं आहे.

यंदा पुन्हा नोव्हेंबरअखेर पेरणी आहे. मुलांचा भाग रद्द, सगळीकडे तीस सेंटिमीटरच्या ओळी. रेन ट्रीच्या बाजूला मात्र दोन रोपांत दहाऐवजी पंधरा ठेवायचं ठरलं आहे, कारण तिकडे पानं सगळ्यात उशिरा वाळतात. बी अण्णांच्या दहा रोपांचंच. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न तोच होता, "ओळी किती लांब घेताय?"

"तीस, अण्णा."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. पण पूर्व-पश्चिम घेऊ नका, वारा कुठून येतो ते बघून घ्या."

वारा डिसेंबरात ईशान्येकडून येतो. वाफा नेमका आडवा बांधलेला आहे, तेव्हा ओळी लांबीला घ्यायच्या की रुंदीला, यावर सध्या तिन्ही घरांत चर्चा चालू आहे.